आधी समोरच्याने

अनामिकता प्रयोगशाळेतल्या पडद्यावर डॉ. वृंदा टिपणीस सतरा नंबरच्या ठाण्याकडे पाहत होत्या. तिथे फिरते दूत तुंबले होते.

फिरता दूत म्हणजे माणसाचा निरोप घेऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर आपला आपण जाणारा प्रोग्रॅम. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे संगणकावर, त्याची मागची पावलं पुसली जात आणि परतीची वाट फक्त त्यालाच ठाऊक असे, म्हणून तो कुणाचा हे कुणालाच कळत नसे. ही युक्ती वृंदाताईंचीच. देशभर तिचं कौतुक झालं होतं.

"हे अडलेत कशाने?" त्यांनी विचारलं.

"दुरावलेली माणसं शोधणारे दूत आहेत, मॅडम," त्यांचा सहकारी इब्राहिम तांबोळी म्हणाला. "दोघांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द दोन्ही दूत खूण म्हणून नेतात. खुणा जुळल्या की मालकाचं नाव सांगायचं. पण दूत सोडायच्या अर्जात ती चौकट आहे ना, 'आधी समोरच्याने ओळख द्यावी'? दोघांनीही ती भरली, की दोन्ही दूत नुसते उभे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही दोघांनी! अशा दोन हजार जोड्या आहेत."

"मग मालकांना कळवलं का नाही?"

"मालक कोण ते कळलं तर कळवणार ना!"

तांबोळी हसला. वृंदाताईंना हसू येईना. भांडून घर सोडून गेलेल्या मुलाला, निनादला, शोधायला सहा वर्षांपूर्वी त्यांनीही एक दूत सोडला होता. खूण होती त्याच्या लाकडी घोड्याचं नाव. ती चौकटही भरली होती. आईने का म्हणून आधी नमायचं? दूत परतला नाही, तेव्हा पोराला आपण नकोच आहोत असं त्यांनी गृहीत धरलं, आणि तो राग सहा वर्षं जपला. बाई विद्वान खऱ्या, पण रुसण्यात कुणाला हार जायच्या नाहीत.

त्यांनी तिथल्या तिथे नवा दूत सोडला. घोड्याचं नाव तेच, चौकट कोरी, स्वतःचं नाव उघडं.

चार मिनिटांत निरोप आला. निनादनेही ती चौकट भरलेली होती. पोर आईवरच गेलं होतं. निरोपावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

"आई, बारा तारखेला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. सहीला घरचं माणूस लागतं म्हणतात. तू मला शोधत असलीस तरच हे तुला मिळेल. मी वाट बघतो."

पोराचा दूत सहा वर्षं दारात उभा होता, आणि आपण आत रुसून बसलो होतो. "येते. कुठे येऊ?" एवढंच त्यांनी लिहिलं आणि निनादच्या दूताबरोबर परत पाठवलं.

दुपारी दूत ठाण्यावर परत आला. उत्तर न उघडलेलं, तसंच होतं. मालकाने निरोप उघडला नाही तर दूताने मागे फिरावं, हा नियमही त्यांनीच घातला होता.

"तांबोळी, हा कुठल्या गावाला जाऊन आला, कुठल्या हॉस्पिटलात, एवढं तरी बघ ना रे."

तांबोळीने मान खाली घातली.

"पावलं पुसलीत, मॅडम."