पंडितकाकांना उचललं तेव्हा

मिहीर, तो फोन ठेव बरं खाली. पॅटिओचा दिवा राहू दे बंद, उगाच डास गोळा होतात. आणि मधे मधे हसायचं नाही, सांगून ठेवतो. प्रफुल्लला मी तो इथे आला तेव्हापासून ओळखतो. थापा मारणाऱ्यातला तो नाही.

यंदाची बुद्धपौर्णिमा. रात्रीचे साडेनऊ. मे महिन्यात इथे टेक्सासात, शुगर लँडला काय उकडतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हॉलमधला कार्यक्रम आटोपून प्रफुल्ल घरी आला, तर त्याची बायको संघमित्रा म्हणाली, हर्षिता आज फिरकलीच नाही, तिला खीर तेवढी नेऊन द्या. पलीकडच्या गल्लीत तर घर. त्याने डबा घेतला, गोल्फ कार्ट काढली आणि निघाला. आपल्याकडे निम्मे लोक कार्टनेच फिरतात, त्यात विशेष काही नाही.

पण हर्षिताकडे जायचं म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. मागच्या उन्हाळ्यात तिचे वडील, आपले पंडितकाका, नागपूरहून आले होते. रोज संध्याकाळी सायकलवर तळ्याला चक्कर. जन्मभराची सवय, सायकल डावीकडूनच, आणि इथे तर सगळे उजवीकडून. तळ्याच्या वळणावर ते अचानक समोर आले आणि प्रफुल्लची कार्ट त्यांना लागली. केया, तुम्हा पोरांना ती कार्ट खेळणं वाटते, पण सायकलवरच्या म्हाताऱ्या माणसाला तेवढा धक्का पुरतो गं.

काका उताणे पडले. पाय हलत होते. मान दुखते रे, म्हणत होते. प्रफुल्लने काय केलं? आपण कोणीही करू तेच. काखेत हात घातले, काही नाही झालं काका, उठा, म्हणत त्यांना बसतं केलं, पाणी पाजलं. पडलेल्या माणसाला आपण रस्त्यात तसं पडू देतो का? पण उचलताना काकांच्या मानेत काहीतरी कट्‌कन झालेलं त्याच्या हाताला जाणवलं. आणि त्यानंतर काकांचे पाय हलले नाहीत. आठवडाभरात गेले बिचारे.

पोलिसांनी त्याला दोष दिला नाही. हर्षिताने तर त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, दादा, तुम्ही होतात म्हणून बाबांना पाणी तरी मिळालं. आपण उचललं आणि मग पाय थांबले, हे त्याने तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वर्षभर तिला चुकवत राहिला. झोप उडाली, जेवण सुटलं. संघमित्रापाशीसुद्धा बोलला नाही.

तर त्या रात्री तो वळणावर आला... आणि करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यात सायकल आडवी. मागचं चाक फिरतंय. पलीकडे एक माणूस उताणा पडलेला. चांदणं लख्ख होतं, पण तोंड दुसरीकडे.

प्रफुल्ल खाली उतरला. जवळ मात्र गेला नाही. खिसा चाचपला. फोन घरी, चार्जिंगला लावलेला.

"उचल ना रे..."

मराठीत.

प्रफुल्ल एक पाऊल मागे सरकला. कसाबसा म्हणाला, "हलू नका... मी कोणाला तरी बोलावतो..."

चाक फिरतच होतं. थांबायला हवं होतं एव्हाना. थांबत नव्हतं.

मग आवाज आला. रागाचा नाही. अगदी शांत.

"मागच्या वेळी तर लगेच उचललंस..."

पुढे कार्ट कशी काढली, कुठून काढली, त्याला काही आठवत नाही. हर्षिताच्या दारात पोचला तेव्हा खिरीचा डबा छातीशी घट्ट धरलेला होता. एरवी दारातच हसून जय भीम म्हणणारी ती पोरगी, पण त्या रात्री पांढरीफटक पडली होती. म्हणाली, दादा, तुमच्या नंबरवरून आत्ताच व्हॉइसमेल आलाय. तो म्हणाला, माझा फोन घरी आहे. तिने स्पीकर लावला.

आधी नुसती चाकाची घरघर. बराच वेळ. मग...

"हर्षू, प्रफुल्लने सांगितलं का गं तुला?"

प्रफुल्ल तिथेच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडत त्याने सगळं सांगितलं. पायांचं, मानेचं, हाताला जाणवलं त्याचं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. त्याच्या हातातला डबा घेतला आणि दार लावून घेतलं. अजून ती त्याच्याशी बोललेली नाही, आणि तिला तरी काय म्हणणार?

संघमित्राने दुसऱ्या दिवशी त्याचा फोन उलटासुलटा करून पाहिला. त्या रात्री त्यावरून एकही कॉल गेला नव्हता. हर्षिताच्या फोनमध्ये मात्र तो व्हॉइसमेल अजून आहे. मागच्या रविवारी तिने मला ऐकवला.

पंडितकाकांचा आवाज मी ओळखतो रे.