फाटकावर सहा माणसं

हे मी माझ्या हाताने लिहितेय. चौथी शिकलेली बाई आहे, चुका निघतील, त्या काढत बसू नका. पण यात एक अक्षर खोटं नाही. या वयात खोटं बोलून मला काय मिळायचंय? ज्याला पटणार नाही त्याने खुशाल झोपावं. मला तेवढंही जमत नाही आता.

भूत रात्री येतं म्हणतात.

रात्र नव्हती. चांगलं उघडं ऊन होतं. गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार, जुम्म्याची नमाज होऊन गेलेली. जागा सौदीतली, थुवालच्या पुढे, समुद्राकाठी.

मी रुकय्या. रत्नागिरीजवळच्या साखरतरची. माझा मुलगा शादाब जेद्दाला अल अझीझियात राहतो, एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्याची बायको उझमा, आणि नऊ वर्षांची मुलगी सानिया. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे गेले होते. सोमवारी माझं परतीचं विमान होतं. उझमाची आई बिलकिस, म्हणजे माझी विहीण, तीही त्याच सुमारास आलेली. दोन सासवा एका फ्लॅटमध्ये. काय ते समजून घ्या.

उझमाने मोबाईलवर यादी काढली होती. पोहायला सगळ्यात चांगले किनारे.

मी म्हटलं, "समुद्राची यादी? आमच्या घराच्या पायरीला समुद्र लागतो. मी कधी यादी केली नाही."

"आये, तू चल तर," शादाब म्हणाला. "सोमवारी जाशील, मग बोलशील मुलाने काही दाखवलं नाही."

पहिला किनारा शहरातला. माणसांत माणूस. बायका अबायासकट घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या. दुसरा अबहूरचा. तिथे गाणी एवढी मोठ्याने, की लाटेचा आवाज येईना.

"हे पोहायचं की नाचायचं?" मी विचारलं.

बिलकिस म्हणाली, "रुकय्याबी, तुम्हाला जन्नत दाखवली तरी तिथे धूळ काढाल."

"असेल तर काढीनच."

मग यादीतला तिसरा. थुवाल मागे टाकून डावीकडे वळलो. दोन्ही बाजूंना उंच पांढऱ्या भिंती, थेट पाण्यात उतरलेल्या. मध्ये लोखंडी फाटक. फाटकावर एक म्हातारा हारिस, म्हणजे तिथला राखणदार. फकरुद्दीन नाव, बांगलादेशी, आमच्याशी हिंदीत बोलला. त्याने आम्हाला बोटाने मोजलं. पाच. तिघांचे इकामे, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची कार्डं, आम्हा दोघींचे पासपोर्ट, सगळे पत्र्याच्या डब्यात ठेवले.

"जाते टाइम मिलेगा. पाँच आए, पाँच जाएंगे. मगरिब से पहले, सूरज डूबने से पहले निकलना. बाद में गेट नहीं खुलता."

आत गेलो आणि माझं तोंड बंद झालं. खरं सांगते. असं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. तळाचा खडा न् खडा दिसत होता. आणि माणूस एकही नाही.

शादाब आणि उझमा पाण्यात शिरले. बिलकिस गाडीच्या सावलीत आडवी झाली. सानिया पाण्याला भिते. कोळीवाड्याच्या शेजारी जन्मलेल्या बापाची मुलगी, आणि पाण्याला भिते. टॅबलेट घेऊन चटईच्या कोपऱ्यावर बसली होती.

"सानिया, ये, जेवून घे. बांगडा तळलाय."

"नो दादी, काटे असतात."

"काटे असतात म्हणून तर मासा म्हणतात त्याला."

ती टॅबलेटमध्ये. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तीन महिने हेच. मला ते लागायचं. आपल्याच रक्ताच्या माणसाशी बोलायला मध्ये कोणीतरी उभं करावं लागतं, हे लागतंच.

मी दस्तरखान, जेवायला बसायचं कापड, पसरला. भाकऱ्या, बांगडे, कांदा.

आणि तेव्हा...

चटईच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी उभी होती.

सानियाएवढीच. नखशिखांत भिजलेली. केसांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, भिंतीपलीकडच्या कुणाची असेल, पोहत आली असेल.

ती म्हणाली, "दादी, मला पण दे गो. भूक लागली."

आमची बोली! गो म्हणाली! माझं काळीज असं हललं. कुठल्या गावची, कुणाची, काही विचारलं नाही मी. आमच्यात जेवायला बसलेल्याला आधी वाढतात. दस्तरखानावर बसला तो आपला. विचारपूस नंतर.

मी तिला ताट दिलं. तिने बांगडा उचलला आणि असा सफाईने सोलून खाल्ला, की काट्याचा सांगाडा अख्खा बाजूला. माझी आई खायची तसा.

"दादी, हू आर यू टॉकिंग टू?" सानिया म्हणाली.

मला वाटलं, जळतेय. आणि मग माझी जीभ सुटली. या जिभेपायी मी नणंदा तोडल्या, दीर तोडले, पण ती कधी आवरली नाही.

मी म्हटलं, "बघ, शीक हिच्याकडून. बोलणं बघ, खाणं बघ. तुझ्यापेक्षा ही माझी नात शोभते. हिलाच घेऊन जाते घरी."

सानियाचे डोळे भरले. तिने डोक्यावर टॉवेल ओढला आणि गाडीत मागे जाऊन बसली.

ती ओली मुलगी हसली.

"खरंच नेशील गो?"

"नेईन की. मी बोललेलं फिरवत नाही."

मी पाणी ओतायला खाली वाकले. वर पाहिलं तर...

कोणी नाही.

ताट चाटूनपुसून साफ. वाळूवर पावलं होती. पाण्याकडून चटईपर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

मी कुणाला काही बोलले नाही. बिलकिसला हसायला कारण कशाला?

साडेचारला सामान भरलं. आमची गाडी सात सीटची. पुढे शादाब आणि उझमा, मधे मी आणि बिलकिस. सगळ्यात मागे सानिया एकटी, टॉवेल तोंडावर, झोपलेली. रुसून झोपली होती ती. माझ्यामुळे.

शादाबने गाडी चालू केली, आणि...

टिंग. टिंग. टिंग.

"कोणी पट्टा लावला नाही?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी लावला होता. सानियाचाही उझमाने लावला होता. समोर लाल दिवा लागत होता तो शेवटच्या रांगेतल्या उजव्या सीटचा. सानियाच्या शेजारच्या.

ती सीट रिकामी होती.

"सेन्सर गेला असेल," शादाब म्हणाला.

फाटकाशी आलो. फकरुद्दीन डबा घेऊन आला. खिडकीतून मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच...

बोट थांबलं नाही.

"छह."

"पाँच हैं भाई," शादाब म्हणाला.

"पाँच आए थे. छह जा रहे हैं. गेट नहीं खुलेगा."

शादाब खाली उतरला, हातवारे केले, दम दिला. म्हातारा ऐकेना. डबा छातीशी धरून उभा. माझा पासपोर्ट त्यात. सोमवारी विमान. व्हिसा संपल्यावर मी तिथे राहिले तर शादाबची नोकरी धोक्यात. तो फोन लावत होता. रेंज नाही. उझमाचा नाही, कुणाचाच नाही. गाडी मागे घेऊन भिंतीच्या कडेकडेने दुसरी वाट बघितली. वाट नव्हती. दोन्हीकडे भिंत, समोर पाणी. तीनदा फिरून त्याच फाटकाशी.

सूर्य पाण्याला टेकत आला होता.

टिंग. टिंग. टिंग.

"रुकय्याबी..." बिलकिसने माझी बाही ओढली. "खाली बघा."

मागच्या सीटखालून पाणी आलं होतं. आमच्या पायांपर्यंत.

उझमा रडायला लागली. "शादाब, काढ ना आम्हाला इथून!"

म्हातारा माझ्या खिडकीशी आला. इतरांकडे त्याने बघितलंच नाही.

"अम्मा, खाना किसने खिलाया?"

मी पायाखालच्या पाण्याकडे बघितलं.

"जिसने खिलाया वही उतारेगा. अज़ान होने वाली है. फिर सब यहीं रहोगे."

शादाब माझ्याकडे बघत राहिला. "आये? हा काय बोलतोय?"

काय सांगू त्याला? मी खाली उतरले. मधली माझी सीट पुढे पाडली. मागच्यांना उतरायला तशीच वाट असते. म्हाताऱ्याने शादाबला चौकीकडे नेलं, कागद मोजून द्यायला. उझमाने तोंड ओढणीत लपवलं होतं. बिलकिस डोळे मिटून कुराणातली आयतुल कुर्सी पढत होती.

आता माझी चूक सांगते. ही चूक दुसरं कोणी करणार नाही. मीच केली असती.

दस्तरखानावरून कुणाला उठवणं आमच्या घरात सात पिढ्यांत झालं नाही. आणि मी तर शब्द दिला होता, नेईन म्हणून. मला लाज वाटली. जिला आपल्या हाताने वाढलं, तिला हाकलताना तिच्या तोंडाकडे बघायची लाज.

मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

हात आत घातला आणि म्हटलं, "ऊठ बाय. उतर खाली. माझं चुकलं. नाही नेता येत तुला."

आत पट्टा सुटल्याचा खट्ट आवाज झाला.

मग... एक लहान हात माझ्या हातात आला.

मी तो धरून ओढला. वाळूवर पावलं उतरल्याचा आवाज झाला. मी हात सोडला, पण तो सोडेना. माझी दोन बोटं घट्ट धरून उभा.

मी झटकला.

सीट वर केली, आत बसले, दार लावलं. मागे बघितलं. सानिया टॉवेल ओढून बसलेली होती. बाकी कोणी नाही.

टिंग टिंग थांबलं.

शादाब धावत आला. फकरुद्दीनने खिडकीतून पुन्हा मोजलं. शेवटच्या रांगेशी तो थांबला. फार वेळ थांबला. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात कुठूनतरी लांबून अज़ान आली. त्याने मान खाली घातली.

"पाँच. खलास. जाओ."

फाटक उघडलं. आम्ही बाहेर. मागे साखळी ओढल्याचा आवाज आला.

आणि फाटकाच्या आतून...

"दादी! दादी, वेट!"

पत्र्यावर हात आपटत होते. लहान हात.

शादाबने करकचून ब्रेक मारला. सगळ्यांनी मागे बघितलं. सानिया आपल्या जागेवर होती. टॉवेल डोक्यावर, मान खाली.

"आपली मुलगी इथे आहे," बिलकिस ओरडली. "ते बोलावतंय, थांबू नका! यल्ला, चला!"

शादाबने गाडी हाणली. अझीझियापर्यंत कुठेच थांबवली नाही.

घरी सानियाने टॉवेल काढला. तोंड तिचंच. डाव्या भुवईवरची खूण तिचीच. फक्त केस ओले होते.

उझमा म्हणाली, घाम आला असेल.

जेवायला बसलो. उरलेला बांगडा मी बाजूला ठेवला होता.

"मला पण दे गो दादी," सानिया म्हणाली.

उझमाने टाळी वाजवली. "ऐकलंत? शेवटी तुमची नात मराठी बोलली!" शादाबही हसला. दिवसभरात पहिल्यांदा. बिलकिस म्हणाली, "झाली एकदाची तुमच्या मनासारखी."

तिने बांगडा सोलून खाल्ला. काट्याचा सांगाडा अख्खा बाजूला.

मी हात धुवायला उठले आणि मोरीत बसून राहिले. कारण तेव्हा मला आठवलं.

ज्या मुलीला मी जेवू घातलं ती नखशिखांत भिजलेली होती.

मी गाडीतून ओढून उतरवला तो हात कोरडा होता. कोरडा आणि झोपेतल्या लेकरासारखा गरम.

झोपेतल्या पोराला हात धरून उतरवलं तर ते उतरतं. विचारत नाही. दादीच आहे ना.

शनिवारी मी शादाबला म्हटलं, मला त्या फाटकाशी ने. तो म्हणाला, आये, वेड लागलंय का? मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती आली आणि त्याच्या मांडीवर बसली. त्याचा हात तिच्या केसांवर फिरत होता. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा ही जीभ अडली, ती तिथे. सोमवारी त्यांनी मला विमानात बसवलं.

आता मी साखरतरला आहे. दर शुक्रवारी फोन येतो. उझमा कौतुक सांगते, शाळेतून आली की मासेच मागते, पोहायला शिकली, पाण्याबाहेर यायला तयार नसते. मग ती फोनवर येते.

"दादी, बरी हायस ना गो?"

मी होय म्हणते. दुसरं काय म्हणू?

शादाब मला परत बोलवतोय, व्हिसाचे कागद चालू आहेत. मागून ती म्हणते, "दादीला नका बोलवू. तिला तिकडेच बरं आहे."

पण मी जाणार. शेजारच्या कौमुदीकडे रोज संध्याकाळी बसते, कॉलेजात जाणारी पोर आहे. तिच्याकडून इंग्रजी शिकते. ती हसते, म्हणते, चाची, या वयात कशाला?

वेट म्हणजे थांब, हे मला आता माहीत आहे.

'आय ॲम हिअर, सानिया. दादी इज हिअर.' एवढं पाठ झालंय. फाटकाशी उभं राहून हाक मारायची आहे, तिच्या भाषेत.

आतून उत्तर आलं तर काय करायचं, ते अजून कळत नाही.

आणि नाही आलं तर...