फुलाचा आवाज

नंदिगड्डे गावाच्या पुढे डांबर संपतं आणि लाल मातीची वाट जंगलातून वर चढते. लखूचं घर त्या वाटेच्या टोकाला. मंगळुरी कौलं, शेणानं सारवलेली पडवी, अंगणात झोडपलेल्या भाताचा पेंढा. भर दुपारची वेळ होती. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांच्या मनाचं काय होतं, यावर बेळगावची एक संस्था अभ्यास करते. मी तिथे कामाला आहे. रामनगरची असल्यामुळे इकडची भाषा मला येते, म्हणून जोयडा तालुका माझ्या वाट्याला आला.

लखूच्या आईच्या, गिरजाच्या, अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, वाचा पूर्ण बंद. तिचं सगळं सून करायची, लखूची बायको फुला. फुला जेमतेम तिशीची, पण खांदे पार वाकलेले. मी तिला पडवीत बसवून विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की," लखू म्हणाला. तो खांबाला टेकून सुपारी कातरत होता.

"मी त्यांना विचारतेय."

"तिला काय व्हतंय? घरात तर असती."

फुला जमिनीकडे बघत राहिली. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "न्हाई लागत."

बाईचा आवाज. तरुण, जरा बसका, अगदी स्पष्ट.

"आत कोण आहे?"

"आई हाय," लखू म्हणाला. त्याचा अडकित्ता थांबला होता.

मी पुढचा प्रश्न विचारला. राग येतो का? फुलानं नाही म्हणून मान हलवली.

"येतो," आतून उत्तर आलं. "भांडं घालावं वाटतं ह्याच्या डोस्क्यात."

मी उठून आत गेले. लहानशा खिडकीचा उजेड, फिनेलचा आणि खोबरेल तेलाचा वास. म्हातारी स्वच्छ लुगड्यात, वेणी घातलेली, डोळे कौलांकडे लावून पडली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दुसरं दारही नव्हतं. तिचं तोंड सावकाश मिटत होतं.

अशा आजारात कधीकधी वाचा परत येते, हे मला ठाऊक होतं. पण परत येते ती आपली स्वतःची. हा आवाज कुणाचा, ते निघताना कळलं. फुला दारात येऊन पहिल्यांदाच बोलली, "या अक्का." तोच बसका आवाज.

बेळगावात संस्थेच्या प्रज्योत सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते घर वगळ."

"सर, त्या बाईला मदत हवी. आठवड्यातून एक दिवस तरी कुणी म्हातारीपाशी बसलं तर..."

"दीपाली, आपण मोजायला जातो. मदत करत सुटलो तर आकडे बिघडतात."

त्यांच्या मागे संस्थेच्या परिषदेचं पोस्टर टांगलं होतं. लाकडाचा भारा घेतलेली याच तालुक्यातली एक बाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सोशिकपणाचं बळ'. ते पोस्टर टराटरा फाडावं असं मला वाटलं. फाडलं नाही. रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चानं पुन्हा वर फुलाकडे गेले.

फुला विहिरीपाशी चादरी पिळत होती. लखू रानात गेला होता. मी शेजारी दगडावर बसले.

"आत्ती चांगली व्हती ओ," सासूबद्दल ती आपणहून म्हणाली. आवाज विरल्यासारखा झाला होता. "तिचा न्हाई राग मला."

"मग कुणाचा?"

तिनं तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला.

"समद्यांचा," म्हातारीच्या खोलीच्या भिंतीपलीकडून आवाज आला, भरलेला, दणदणीत. "धाकला दीर रामनगरात दुकान घालून बसलाय. उळवीच्या जत्रंला येतो नि मला सांगतो, वयनी, आईला नीट बघा. नीट! तू बघ की मेल्या!"

फुला ऐकत होती. चादरीतलं पाणी कधीच संपलं होतं, तरी तिचे हात पिळतच होते.

लखू परतल्यावर मी त्याला वाटेतच गाठलं. "तुम्हाला ऐकू येतं ना?"

"रानात लई आवाज येत्यात, मॅडम."

"आजपासून आईला तुम्ही भरवा. तिचे कपडे तुम्ही धुवा."

तो हसला. "बायकांचं काम ते."

जत्रा झाल्यावर गिरजा गेल्याचं कळलं. मी गेले तेव्हा लखू डोकं भादरून, खांद्यावर टॉवेल टाकून पडवीत बसला होता. आतली खोली रिकामी, अंथरूण जाळून टाकलेलं. फुला कॉफी घेऊन आली.

"कशी आहेस गं?"

तिनं गळ्याला हात लावला आणि मान हलवली. ओठ हलले, पण श्वासाचाही आवाज आला नाही.

"जनमभर सगळ्यांनी गप बसवलंत तिला," मी लखूवर ओरडले. "आता तरी बोलू द्या!"

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं.

"वली बाळंतीण असताना मला पाण्याला धाडलं," तो म्हणाला.

फुलाच्या आवाजात.

त्याचे डोळे विस्फारले. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"ते पोर गेलं," बोटांच्या फटीतून आवाज येत राहिला. "माजी आई मेली, तवा जाऊ दिलं न्हाई. म्हातारीला कोण बघंल, म्हणला ह्यो."

लखूनं टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला. मानेच्या शिरा फुगल्या. आवाज थांबला नाही. फक्त शब्द कळेनासे झाले.



फुलानं कॉफीचा पेला खाली ठेवला. पदरानं हात पुसले. ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि टॉवेलला कान लावून, माहेरची खबर ऐकावी तशी ऐकू लागली. मधूनच मान डोलवत.