तीन पत्रं, उत्तर नाही

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, जसं सांगितलं तसं लिहितोय. भाऊजी थापा मारणाऱ्यांतले नव्हेत. आयुष्यात एकदाच धडधडीत खोटं बोलले, त्याचीच ही हकीकत.

आणि रात्रीची वगैरे नाही बरं का. रविवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. जागा म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. टेबल, खुर्ची, पंखा आणि कॉम्प्युटर, एवढंच तिथे.

भाऊजी नोकरी सांभाळून लिनक्सचं काम करतात. लिनक्स म्हणजे हौशी लोकांनी मिळून उभी केलेली, फुकट मिळणारी कॉम्प्युटरची प्रणाली. ताई म्हणते, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या." त्यात हजारो छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येकाला एक सांभाळणारा असतो आणि त्याचं नाव त्यावर लागतं. सांभाळणारा गायब झाला की पॅकेज सडतं, आणि त्याच्यावर विसंबलेली बाकीचीही अडतात. अशी पॅकेजं शोधून काढून टाकणं हे भाऊजींचं काम.

नियम साधा. दर आठवड्याला एक, अशी तीन पत्रं. 'तुम्ही आहात का?' तिन्हींना उत्तर आलं नाही, तर पॅकेज बेवारस. नाव पुसायचं.

एक पॅकेज मास्तरांचं होतं. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. भाऊजींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जुन्या प्रिंटरांसाठीचं ते पॅकेज मास्तरांनी एकोणीस वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं होतं. आता ते बिघडलं होतं, त्याच्यापायी आणखी अकरा अडली होती, आणि नवी आवृत्ती सोमवारी निघायची होती.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं.

'दवाखान्यात आहे. तीन आठवडे द्या. नाव काढू नका.'

भाऊजींनी ते वाचलं. दोनदा वाचलं.

मग पॅकेजच्या नोंदीत लिहिलं: तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

मास्तरांचं नाव पुसलं, पॅकेज काढून टाकलं, आवृत्ती वेळेवर निघाली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तेव्हा त्यांना वाटलं.

महिन्याभराने मास्तरांच्या मुलीचं पत्र आलं. 'बाबा गेले. शेवटपर्यंत विचारायचे, त्यांचं काही आलं का गं? तुम्ही उत्तर पाठवलं होतं का? माझ्याच नजरेतून सुटलं असेल, म्हणून विचारते.'

पोरगी स्वतःला दोष देत होती. भाऊजींनी पत्र बंद केलं. लिहिणार तरी काय? त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

आणि मग एका रविवारी...

'तुम्ही आहात का? पत्र पहिलं.'

मजकूर त्यांचाच. पत्र त्यांनाच. ही पत्रं पाठवायचं काम दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, त्यांना वाटलं कुणाला तरी कळलंय. त्यांनी लिहिलं, 'हो, आहे.' स्वतःच्या नावापुढची नोंद उघडून पाहिली तर...

उत्तर नाही.

पुढच्या रविवारी दुसरं आलं. पुन्हा त्यांनी 'आहे' लिहिलं. पुन्हा... उत्तर नाही.

मंगळवारी सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. "मी तपासलं हो, इथून तुम्हाला काहीच गेलेलं नाही. पण काल मीटिंगमध्ये तुम्ही गप्प का होता? किती वेळा हाक मारली."

भाऊजी त्या मीटिंगमध्ये अर्धा तास बोलले होते.

तिसऱ्या रविवारी, सव्वा वाजता, तिसरं पत्र आलं. त्यांनी 'आहे' लिहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईची हाक आली.

"अहो, पानं वाढलीत."

"आलो."

"अहो?"

"आलो म्हटलं ना."

"अहो, ऐकताय ना?"

भाऊजी ओरडले. घसा दुखेपर्यंत ओरडले.

ताई दारात आली. खुर्चीकडे पाहिलं... सरळ त्यांच्याकडे.

"कुठे गेले हे?" ती पुटपुटली. "पंखा तसाच चालू."

तिने बटण बंद केलं आणि निघून गेली.

उठून तिचा हात धरावा, असं त्यांच्या मनात आलं. पण धरता आला नाही तर? ते बसूनच राहिले. पंखा हळूहळू थांबला. समोर पडद्यावर नोंद उमटली होती. तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

ते म्हणतात, भीती वाटलीच, पण लाज त्याहून जास्त वाटली. मास्तरही खाटेवर पडून असेच 'आहे, आहे' म्हणत असतील.

त्यांनी मुलीचं पत्र उघडलं आणि लिहिलं. 'तुमच्या वडिलांचं उत्तर आलं होतं. मी ते वाचलं आणि खोटी नोंद केली. तुमच्या नजरेतून काहीही सुटलेलं नाही.'

पाठवलं.

"इथेच बसलाय होय?" ताई दारात उभी होती. "मी कधीची हाका मारतेय. आणि एवढ्या उकाड्यात पंखा बंद करून?"

"तूच बंद केलास ना आत्ता?"

"मी? मी मघापासून गॅसपाशीच आहे."

ती तीन पत्रं पुन्हा कुठेच सापडली नाहीत. भाऊजींनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, पॅकेज स्वतः दुरुस्त केलं, त्यावर मास्तरांचं नाव परत लावलं. मीटिंगमध्ये आता सगळ्यांना त्यांचं बोलणं ऐकू येतं.

मुलीचं उत्तर मात्र आलेलं नाही. दीड वर्ष झालं. पत्र तिला पोचलंच नाही, की पोचूनही तिला बोलायचं नाही, हे कळायला मार्ग नाही. त्यांचं काळीज पोखरतं ते हेच.

परवा फोनवर मी म्हटलं, "भाऊजी, आणखी एकदा लिहून बघा की."

"दुसरं पाठवलं रे गेल्या महिन्यात."

"मग तिसरं पाठवा."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला. मी हॅलो म्हटलं. पुन्हा म्हटलं. मिनिटभर नुसतीच... शांतता.

मग एकदम त्यांचा आवाज आला.

"अरे, मी मघापासून बोलतोच आहे."

काय बोलत होते, ते मी विचारलं नाही.