तलावातले तोफगोळे

"साक्षी, धनराज, पळा! बापूजी तुडूम उघडायले निघाले!" रिंकू ओरडली आणि तिघंही तलावाच्या पाळीवरून धावत सुटली.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. मे महिन्यात त्याला कोणी हात लावत नाही. तलावात तेव्हा उरतं जेमतेम डबकं, आणि गावातल्या मासेमार ढिवरांचे सगळे मासे त्यातच जीव धरून असतात. पाऊस पडला की त्यांचीच पिल्लं होणार, आणि त्यांच्यावरच रिंकूच्या घरची वर्षभराची चूल पेटणार. रिंकूचे बाबा मनसाराम नेमके आज चामोर्शीच्या बाजाराला गेलेले.

हे सगळं लचांड उभं केलं होतं नागपूरहून गावात आलेल्या डोर्लीकर साहेबांनी. साहेब आणि त्यांचे दोस्त म्हणजे लढायांच्या इतिहासाचे शौकीन. कोणत्या लढाईत कोणती पलटण होती, कोणती तोफ किती वजनाचा गोळा फेकायची, यावरून ही मंडळी ताटावर बसल्या बसल्या भांडत. काल त्यांना काठच्या गाळात लोखंडी गोळे सापडले, आणि मग काय विचारता! १८१८ साली इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला ना? मग त्यांची एक तुकडी इथूनच गेली असणार आणि तिची तोफ याच गाळात रुतली असणार, असं साहेबांनी ठरवूनच टाकलं. सरपंच बापूजींना तर लगेच, वाघ पाहायला मोहर्लीला येतात तशा पर्यटकांच्या गाड्या गावात दिसू लागल्या. तोफ काढायची तर पाणी सोडणं आलंच.

रिंकूला ते गोळे पाहताच खटकलं होतं. सापडलेले सगळे गोळे बाबा जिथे जाळं लावतात तिथलेच कसे? जाळं तळाला बसावं म्हणून बाबा थैलीत लोखंडी गोळा घालून बांधत. थैली झिजून फाटली की गोळा गाळात जाई. आणि बाबांना ते गोळे आणून दिले होते साक्षीच्या प्रफुलमामाने. तो राजुऱ्याकडच्या सिमेंट कारखान्यात कामाला होता. तिथे दगड दळायच्या यंत्रात असे गोळे असतात. झिजले की भंगारात निघतात, तेच मामाने विकत घेतलेले.

हे सगळं रिंकूने कालच बापूजींना सांगितलं होतं. त्यांनी तिला खेळायला जा म्हटलं. साहेबांनी प्रेमाने डोक्यावर हात ठेवला आणि इतिहास असा पोरखेळ नसतो, हे समजावलं. शहाण्या माणसांना समजवायचं तरी कसं?

मुलं पोचली तेव्हा तुडुमाचं खालचं बूच निघालं होतं आणि पाणी धो धो वाहत होतं. रिंकूने बापूजींचा हात धरला. "बापूजी, मासे मरतीन. बाबा येईपर्यंत तरी थांबा ना."

"मोठ्यायच्या मधात बोलू नोको, पोरी."

रिंकूच्या डोळ्यांत पाणीच आलं. साक्षी मात्र घराकडे पळाली. मामाने दिलेला एक गोळा तिच्या घरी होता. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिची आई बायनाबाई तो दारापाशी ठेवायची. तलावाचं पाणी त्या गोळ्याने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. साक्षीने त्याला चिखल फासला आणि झुडपात मिळाला म्हणून साहेबांच्या हातात दिला.

साहेब हरखले. त्यांनी गोळा भिंगातून पाहिला, हातात तोलला आणि घोड्यांनी ओढायच्या तोफेचा म्हणून जाहीर केला. त्यांचा दोस्त म्हणाला, छे, ही तर बैलांनी ओढायची तोफ. दोघांची जुंपली. भांडण चांगलं रंगात आल्यावर साक्षी शांतपणे म्हणाली, "साहेब, हा आमच्या दारामागचा गोळा आहे. प्रफुलमामानं दिवाळीले कारखान्यातून आणला."

एवढ्यात धनराज रिंकूच्या घरून टोपलीभर गोळे घेऊन आला. सगळे अगदी तसेच. साहेबांनी एकेक उचलून पाहिला आणि भिंग हळूच खिशात घातलं. बापूजींचा चेहरा उतरला. पोरांनो, हे आधी काऊन सांगितलं नाई, असं त्यांनी विचारलं.

"कालपासून तेच तर सांगून राह्यलो," धनराज म्हणाला.

मग एकच धावपळ उडाली. पण वाहत्या पाण्यात बूच काही बसेना. माणसांनी मातीची पोती टाकली, ती पाण्याने ढकलून दिली. साहेबही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. मुलांनी तडफडणारे मासे बादल्यांत, घागरींत भरून विहिरीकडे नेले. पण मासे ढीगभर आणि हात थोडे. शेवटी पाणी थांबलं, तेव्हा तळ उघडा पडला होता.

संध्याकाळी मनसाराम सायकलवरून परतले. त्यांनी तलाव पाहिला आणि तिथेच मटकन बसले. रिंकू त्यांना बिलगून रडत राहिली. तिने सांगितलं होतं हो, पण कोणी ऐकलंच नाही.

मग बापूजींनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. मुलांचं तोंडभर कौतुक केलं, एवढी हुशार पोरं तालुक्यात नाहीत म्हणाले. साहेबांनी हात जोडून मनसारामांची माफी मागितली. मग बापूजींनी रिंकूला जवळ बोलावलं आणि बक्षीस काय हवं ते मनमोकळं माग, असं सांगितलं.

रिंकूने नाक पुसलं. "तलावातलं पाणी वापस द्या," ती म्हणाली.