सहावी पायरी

शेलखारच्या तळ्यांत मासे पोहत नसत. ते नुसते असत. हातभर लांबीचे जिताडे एकमेकांना खेटून पाण्यात पडून राहायचे, तोंडाशी काही आलं तर तेवढ्यापुरतं तोंड उघडायचे आणि पुन्हा आपले पडायचे. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटे, मेले की काय. गावकरी हसून सांगत, मेले नाहीत, निवांत आहेत.

‘निवांत’ हे तळ्यांतल्या औषधाचं नाव. समुद्रातली मासळी संपत आली तेव्हा शास्त्रज्ञांनी खाडीकाठच्या खाऱ्या तळ्यांकडे मोर्चा वळवला. तिथलं गणित त्यांनी गावाला असं समजावून दिलं: ऊन पितं शेवाळ. शेवाळ खातो जवळा, जवळ्याला खाते बारकी मासळी, तिला गिळतो जिताडा आणि जिताडा येतो माणसाच्या ताटात. या झाल्या पाच पायऱ्या. पण प्रत्येक पायरी चढताना उन्हातून आलेल्या ऊर्जेला मोठी गळती लागते. दहा घास खाल्ले, तर त्यातला जेमतेम एक अंगी लागतो. उरलेले नऊ पळण्यात, श्वास घेण्यात, घाबरण्यात, जोडीदाराच्या मागे लागण्यात खर्ची पडतात आणि उष्णता होऊन निघून जातात. शास्त्रज्ञ याला तोटा म्हणत. खरं म्हणजे त्या नऊ घासांनाच जगणं म्हणतात, पण तोटा भरून काढायच्या घाईत हे कोणाला सुचलं नाही.

निवांतने ही गळती रोखली. शेवाळाच्या पेशींतच तयार होणारा हा पदार्थ खाणाऱ्याच्या अंगात मुरायचा आणि त्याची धावपळ मंद करायचा. दहापैकी चार घास वरच्या पायरीला मिळू लागले. तीन पायऱ्या चढून जाईपर्यंत एवढ्याशा फरकाचा डोंगर झाला. जिथे एक जिताडा निघायचा तिथे साठ निघू लागले. शेलखारमध्ये पक्की घरं उठली, पोरं शिकली. गावातली भांडणंसुद्धा कमी झाली. बांधावरून डोकी फोडणारी माणसं आता बांधावर बसून पाण्याकडे बघत राहायची. सुबत्तेने माणूस शांत होतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

करुणा घरत मात्र तेवढी शांत झाली नव्हती. नवरा गेल्यावर तिने गळ्यात माळ घातली आणि मासळी सोडली. घरच्यांसाठी ती जिताड्याचं कालवण असं करायची की शेजारच्या आळीला वास जावा, पण स्वतः डाळभातावर असायची. तोंड तिखट, पाय एका जागी ठरत नाहीत. “हिच्या अंगात काय भिंगरी बसवलीय,” असं तिची लेक रेवा पूर्वी म्हणायची. पूर्वी, कारण गेल्या वर्षभरात रेवा फारसं काही म्हणेनाशी झाली होती. सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी माहेरी आली ती घुमी होऊन. हाक मारली की जरा वेळाने वळायची. हसू आलं तरी ओठांपर्यंत येता येता विरून जायचं. पोरीला दिवस जड चाललेत, असं करुणाने मनाशी घेतलं, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

मुलगी झाली. मग करुणाने आगरी आईने करायचं तेच केलं. शेलखारची रीत अशी, की बाळंतिणीला तळ्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना जिताडा द्यायचा. तो अंगावर दूध आणतो. पाहुण्याला देतील, व्याह्याला देतील, पण पहिला मान बाळंतिणीचा. करुणाने भावाला तळ्यात उतरवून एकेक म्हातारा जिताडा निवडून आणवला आणि सव्वा महिना रेवाला पोटभर खाऊ घातला.

आणि चमत्कार झाला. रेवाला दूध आलं, ते तर आलंच, पण रेवाच परत आली. आठवड्यागणिक तिच्या डोळ्यांत चमक उतरत गेली. ती बोलू लागली, आईच्या चुका काढू लागली, एके दिवशी तर खो खो हसली. करुणाने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि जिताड्याचे उपकार मानले.

बाळही गुणाचं. रडणं नाही, किरकिर नाही. पाजलं की झोपायचं, उठलं की छताकडे बघायचं. वजन तर असं वाढलं की बघायला येणाऱ्या बायका दृष्ट काढायला सांगत. रात्ररात्र जागलेल्या आया हेव्याने म्हणत, असं बाळ मिळायला नशीब लागतं.

तळ्यांचं पाणी तपासायला त्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. फरीदा मुकादम दर हंगामात यायच्या. करुणाशी त्यांचा जुना घरोबा, म्हणून बाळाला बघायला आल्या. चहा करताना करुणाच्या हातून पितळी परात फरशीवर आदळली. फरीदाबाई दचकल्या, रेवा दचकली. बाळाने पापणीसुद्धा हलवली नाही. ऐकू येत नसेल, या शंकेने बाईंनी कानाशी टाळी वाजवली. बाळाने सावकाश, फार सावकाश मान वळवली. चहा तसाच ठेवून बाईंनी रेवाचं थोडं दूध तपासायला मागून घेतलं.

दूध तपासून परत आल्या त्या थेट तळ्याच्या बांधावर. करुणा तिथेच होती. रेवासमोर आधी नको, म्हणून बाईंनी तिला इथेच गाठलं.

“ऊर्जा प्रत्येक पायरीला गळते, करुणाताई. निवांत गळत नाही. मासा जे खातो त्यातलं बरंचसं जाळून टाकतो, पण त्यातला निवांत अंगात तसाच राहतो. म्हणून जवळ्यापेक्षा बारक्या मासळीत तो जास्त, तिच्यापेक्षा जिताड्यात जास्त. जेवढा जुना जिताडा, तेवढा अधिक.”

“मग मानसात?”

“माणसाला झेपेल इतकाच आहे, असं आम्ही मोजून ठरवलं होतं. पाच पायऱ्या मोजल्या आणि थांबलो.” फरीदाबाईंनी खाली बघितलं. “आईचं दूध पिणारं बाळ आईच्या वरच्या पायरीवर असतं. ती सहावी पायरी आम्ही धरलीच नाही.”

करुणाला कळायला वेळ लागला नाही. तरीही तिने विचारलं, कारण कोणीतरी नाही म्हणावं असं तिला वाटत होतं.

“पन माजी पोर तर बरी झाली ना. मीच तिला बरी केली. तुमी बगितलीत ना, हसते कशी ती.”

“ती बरी झाली ते दुधामुळे,” फरीदाबाई म्हणाल्या. “निवांत चरबीत मुरतो. मोठ्या माणसातून तो उतरायला कित्येक वर्षं लागतात. लवकर बाहेर पडायची एकच वाट आहे, दुधाची. रेवाच्या अंगात होतं ते, आणि तुम्ही खाऊ घातलंत तेही, सगळं त्या वाटेने गेलं.”

करुणा बांधावर बसली. पाण्यातले जिताडे तिच्याकडे बघतही नव्हते. आजपासून अंगावरचं दूध बंद करायचं, एवढं तिला समजलं. मग तिने विचारलं, की बाळाच्या अंगात गेलंय ते कधी उतरणार?

मुलगी आहे, एवढंच फरीदाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. करुणाला आधी त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. नात मोठी होईल, तिला मूल होईल, ती त्याला अंगावर पाजेल, तेव्हा ती मोकळी होईल.

घरी येऊन तिने रेवाला सगळं सांगितलं. आपल्या हातांनी काय घडलं तेही सांगितलं, स्वतःला वाचवायला एक शब्द वापरला नाही. रेवाने बाळाला पदराखालून काढून पाळण्यात ठेवलं. मग ती रडली. भिंतीवर डोकं आपटून, गळा काढून, शेजारीपाजारी धावून येतील इतक्या मोठ्याने रडली. बाळंतपणाआधी तिला असं रडता आलं नसतं. हे रडणंसुद्धा तिला त्या बाळाकडूनच मिळालंय, हे करुणाला कळत होतं, आणि ते रेवाच्या कधी मनात येऊ नये म्हणून तिने तिला पोटाशी घट्ट धरलं.

पाळण्यात बाळाला भूक लागली होती. ते ओठ हलवत होतं आणि छताकडे बघत पडून होतं.