बेल्ट हातात, हवा गार

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा आठवीतच सुटली. अवघड शब्द मला येत नाहीत. चुकलंमाकलं पोटात घाला. परवा गॅरेजात लाईट गेल्यावर वस्तादांनी आम्हा पोरांना जे सांगितलं, ते तसंच लिहितोय. गोष्ट त्यांच्या सख्ख्या साडूची. तोही मिस्त्रीच, गाड्यांच्या एसीचं काम करतो. "थाप वाटली तर उद्या त्याच्यासमोर उभं करतो तुम्हाला," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

एप्रिलमधला दुसरा मंगळवार. रात्रीचे सव्वादहा. साडू जेवून हात धूत होता, तेवढ्यात फोन आला. गावाबाहेरच्या रस्त्यावरचं शेवटचं घर. एसी लावला की गाडी किंचाळते आणि हवा येते गरम. पहाटे निघायचंय, आत्ताच्या आत्ता या.

"सकाळी जा की," बायको म्हणाली. "गाडी काय पळून चाललीय?"

पण साडूचं हातावर पोट. त्याने दोन मापांचे बेल्ट घेतले, हत्यारांची पेटी स्कूटरला बांधली आणि निघाला.

घरात अंधार. अंगणात एकच बल्ब आणि त्याखाली गाडी. मालक पायरीवर बसून सिगरेट ओढत होता. या नाही, बसा नाही.

"इतका वेळ? रांगत आलास काय?"

"स्कूटर आहे साहेब, विमान नाही," साडू म्हणाला.

मालक हसला नाही.

साडूची कामाची एक रीत आहे. बोनेटमध्ये हात घालायचा तर गाडीची किल्ली आधी स्वतःच्या खिशात. मग मालक कोणीही असो. हातमोजेही तो कधी घालत नाही. बेल्ट बोटांना कळला पाहिजे म्हणतो.

मालकाने गाडी चालू करून एसी लावला. चींऽऽ! कानात सुई घालावी तसा आवाज. साडूने बाटलीतलं थोडं पाणी फिरत्या बेल्टवर टाकलं. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला, म्हणजे बहुतेक बेल्टच. त्याने गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली, बोल्ट सैल केला, बेल्ट काढला. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, जागोजागी तडे. तरी खात्री हवी. कधी आवाज बेल्टचा वाटतो आणि निघतो दुसऱ्याच कुठल्या बेअरिंगचा. एसीचा बेल्ट वेगळा असतो, तो काढला तरी इंजिन चालतं. म्हणून त्याने किल्ली मालकाला दिली. "एकदा चालू करा."

इंजिन सुरू झालं. आवाज नाही. म्हणजे दोष बेल्टचाच. साडूचा जीव भांड्यात पडला.

"आता गार येतंय की," मालक आतून म्हणाला.

"काय?"

"एसी. बर्फासारखा."

साडूने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बेल्ट हातात लोंबत होता. बेल्ट नसताना एसीचा कॉम्प्रेसर फिरतच नाही. गार हवा येईल कुठून? त्याने खिडकीतून हात आत घातला. बोटं बधिर झाली.

"आतली राहिलेली असेल," तो म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

मालकाने गाडी बंद केली, काच वर केली, उतरून दार आपटलं.

"साहेब, किल्ली द्या."

"कशाला? गाडी घेऊन पळायचंय? राहू दे गाडीतच. काम कर गपचूप."

साडूला मिरची झोंबली. त्याने पुन्हा मागितली नाही. मागायला हवी होती...

नवा बेल्ट त्याने खालच्या पुलीत बसवला. आता बोटांनी ओढून वरच्या पुलीवर चढवायचा. बोनेट उघडं, त्यामुळे पुढची काच दिसत नव्हती. चार बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये होती.

आतून काचेवर टकटक झाली.

"झालं का रे? उकडतंय."

"होतंय साहेब. किल्लीला हात लावू नका."

टक. टक.

"उकडतंय..."

"साहेब, माझा हात आत आहे!"

"कोणाशी बोलतोस रे?"

मालकाचा आवाज मागून आला. लांबून. घराच्या पायरीवरून.

साडू हलला नाही. रातकिडाही वाजत नव्हता.

मग...

खट्.

किल्ली फिरली.

त्याने हात ओढला. इंजिन उसळलं. बेल्ट सणकन उडाला. तर्जनीचं नख त्याच्याबरोबर गेलं. बोटं... बोटं होती. त्याने ती दुसऱ्या हाताने चाचपली. चारही होती.

मालक जवळ आला. हाताकडे त्याने पाहिलंही नाही. तो गाडीकडे पाहत होता. चारही दारं बंद. काचा आतून पांढऱ्या झालेल्या, दाट धुक्यासारख्या. आत कोणी दिसत नव्हतं.

"तुझी वाचली," मालक म्हणाला.

"म्हणजे?"

"मागच्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीची दोन बोटं गेली. तो असाच रेंगाळत होता. मला उकडत होतं. फिरवली मी किल्ली."

साडूने रक्ताळलेलं बोट फडक्यात गुंडाळलं.

"काही दिवस तसाच कामावर जायचा म्हणे. मग जखम चिघळली. गेला." मालकाने सिगरेट पायाखाली चिरडली. "तुमच्या लोकांना हात सांभाळता येत नाहीत, आणि दोष आम्हाला."

साडूने अंधारात हाताला लागेल ते पेटीत कोंबलं. बांधत बसला नाही. पेटी पायांत धरली आणि स्कूटरला किक मारली. मागे गाडी चालूच होती. बंद करायला मालक काही पुढे होत नव्हता.

वस्ताद इथे थांबले.

"सकाळी त्याने पेटी उघडली," ते म्हणाले. "सगळ्यात वर हातमोजा. डाव्या हाताचा. त्याची दोन बोटं आत दुमडून काळ्या दोऱ्याने शिवलेली. मोजा ओलाचिंब. आणि गार. साडूने तो पकडीने उचलला, बाहेर नेला आणि उन्हात तारेवर टाकला."

"मग वाळला का?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

वस्तादांनी फडक्याला हात पुसले.

"दोन उन्हाळे झाले," ते म्हणाले. "अजून ठिबकतोय."